काशीचे शल्यतंत्र आणि वृद्ध स्त्रियांचा एक अबोल रोग

काशीत मणिकर्णिकेवरून गंगेच्या काठाकाठाने उत्तरेकडे चालू लागले की प्रथम शिंद्यांचा घाट लागतो, मग संकटादेवीच्या देवळाकडे चढणाऱ्या पायऱ्या लागतात, आणि थोडे पुढे गेल्यावर एक भला मोठा दगडी वाडा समोर उभा राहतो. त्याची पाण्याकडची भिंत एखाद्या किल्ल्याच्या तटासारखी उंच आणि बंद आहे. खिडक्या आहेत त्या पार वरच्या अंगाला. हा नागपूरकर भोसल्यांचा घाट. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या घराण्याने तो बांधविला आणि तेथेच लक्ष्मीनारायणाचे देऊळ उभारले. उत्तरेकडे मेहता घाट आहे. त्याचे नाव कोणा राजावरून किंवा देवावरून आलेले नसून तेथे उभ्या राहिलेल्या एका रुग्णालयावरून पडले आहे. पुढे ग्वाल्हेरकरांचा घाट आणि पंचगंगा. गंगेच्या या पट्ट्यात मराठी माणसाला परके असे काही वाटतच नाही.

मराठी राजांनी हे घाट बांधले, परंतु ते खऱ्या अर्थाने वापरले मराठी वृद्ध स्त्रियांनी. बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई १७३५ साली काशीयात्रेला गेल्या, हे इतिहासात नोंदलेले आहे. अहिल्याबाई होळकरांनी विश्वेश्वराचे देऊळ पुन्हा उभे केले, हेही सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांच्या मागोमाग ज्या शेकडो सामान्य स्त्रिया काशीवासाला गेल्या, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली? मुलाबाळांचा संसार मार्गी लागला, किंवा लहानपणीच कपाळ पांढरे झाले, म्हणजे पाठीला वळकटी बांधून त्या निघत. पहाटेचे स्नान, ओल्या वस्त्राने देवदर्शन, एकवेळचे जेवण आणि दुपारी पोथी, असा त्यांचा दिनक्रम असे. त्या कोणत्या दुखण्याने गेल्या हे विचारण्याचे कोणाच्या मनात येत नसे. काशीत मरण आले, एवढ्यावर घरच्यांचे समाधान होई.

श्रोतेहो, या स्त्रियांपैकी काहींना जो रोग खचित झाला असेल, त्या रोगाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास मी आज सांगणार आहे. तो रोग म्हणजे मूत्राशयाचा कर्करोग. विषय चारचौघांत उच्चारताना संकोच वाटावा असा आहे, आणि हा संकोच आपल्याला या इतिहासात पदोपदी भेटणार आहे.

प्रारंभ काशीपासूनच करावा लागतो. सुश्रुतसंहितेची परंपरा अशी की, काशिराज दिवोदास, ज्याला धन्वंतरीचा अवतार मानीत, त्याच्याकडे सुश्रुत व त्याचे सहाध्यायी शल्यतंत्र शिकण्यास गेले, आणि त्या उपदेशाचा हा ग्रंथ झाला. यातील इतिहास किती आणि आख्यायिका किती हे ठरविणे कठीण आहे. ग्रंथाला आजचे रूप इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत आले असावे, असे पंडितांचे साधारण मत आहे. आणि नेपाळात त्याची इसवी सन ८७८ मधली ताडपत्रावरील पोथी आजही आहे. वाद काळाविषयी आहे. शस्त्रक्रियेचे जे वर्णन ग्रंथात आहे ते प्रत्यक्ष हात घालून पाहिलेल्या माणसाचे आहे, याविषयी ते वाचणाऱ्या शल्यविशारदांना शंका राहत नाही.

मूत्राशयाला सुश्रुत बस्ती म्हणतो आणि त्याची गणना प्राणघातक मर्मांत करतो. या मर्माला शस्त्र लावण्याची परवानगी तो एका प्रसंगी देतो, आणि तो म्हणजे अश्मरी, मुतखडा. त्यातही घाई नाही. तूप, क्षार, काढे यांनी गुण येत नसेल तरच शस्त्र हाती घ्यावे. आणि घेण्यापूर्वी राजाची अनुज्ञा मागावी, कारण शस्त्रक्रिया न केल्यास मृत्यू ठरलेला आहे, आणि केल्यास जगेल की नाही हा संशय आहे. आज शस्त्रक्रियेपूर्वी नातेवाइकांची सही असलेला कागद घेतात, त्याचा हा मूळपुरुष म्हणावयास हरकत नाही. मग रोग्याला धीर द्यावा, आप्तांनी त्याला धरावे, वैद्याने नखे कापलेली, तेल लावलेली डाव्या हाताची दोन बोटे गुदमार्गाने आत घालून खडा खाली आणावा, आणि शिवणीच्या डाव्या बाजूस, ती यवभर सोडून, खड्याच्या मापाचा छेद घ्यावा. खडा फुटू देऊ नये, त्याचा चुराही मागे ठेवू नये, कारण उरलेला कण पुन्हा वाढतो. शस्त्रक्रिया संपल्यावर रोग्याला कोमट पाण्याच्या द्रोणीत बसवावे, म्हणजे मूत्राशयात रक्त साचत नाही. आणि साचलेच तर झाडांच्या सालींच्या काढ्याने नळीवाटे मूत्राशय धुवावा. मूत्राशय धुण्याची ही युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. रक्ताच्या गुठळ्यांनी लघवी अडली की रुग्णालयात आजही प्रथम तेच करतात, फरक काढ्याचा आणि नळीचा.

या सबंध प्रकरणात स्त्रियांविषयी केवळ एक सूचना आहे, आणि माझ्या मते तीच त्यातील सर्वांत मोलाची आहे. स्त्रियांच्या शरीरात गर्भाशय मूत्राशयाला अगदी लागून असतो, असे सुश्रुत बजावतो. म्हणून त्यांच्या बाबतीत शस्त्र निराळ्या रीतीने चालवावे, नाही तर ज्यातून मूत्र सतत झिरपत राहील असा व्रण मागे राहील. मुतखड्याचे रोगी बहुधा मुलगे असत, स्त्रिया क्वचित. तरीही ग्रंथकाराने थांबून ही ओळ लिहिली, याचा अर्थ असा झिरपणारा व्रण त्याने पाहिलेला असावा. खडा निघाला, बाई जगली, पण वस्त्र कायमचे ओले राहिले. ज्या समाजात सोवळ्याओवळ्यावर बाईचे स्वयंपाकघर, देवघर आणि पंगत अवलंबून होती, तेथे या जगण्याची किंमत काय हे काशीतल्या वैद्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

मूत्राशयातील अर्बुद कापून काढण्याचे सुश्रुताने सांगितलेले नाही, आणि ते त्याच्या नावावर खपविण्यात अर्थ नाही. मूत्राशयाच्या आत पाहण्याचे साधन नव्हते, भूल नव्हती; अशा वेळी आतल्या गाठीचे निदानच कसे व्हावे? मात्र शरीराच्या इतर भागांवरील अर्बुदांविषयी तो सांगतो की, दोष थोडासाही शिल्लक ठेवून अर्बुद काढले तर ते लवकरच पुन्हा उद्भवते. म्हणून ते निःशेष काढावे. मुतखड्याचा कण आणि अर्बुदाचा शेष, दोहोंविषयी त्याचा इशारा एकच आहे. मूत्राशयाच्या कर्करोगाचा आधुनिक वैद्य पहिला धडा शिकतो तो हाच.

पुढे हे तंत्र ग्रंथात राहिले आणि हाताने करावयाच्या क्रिया जातिधंद्यांत विखुरल्या. त्यातील एक धागा आपल्या पुण्यात टिकला होता. इंग्रजांच्या फौजेतील कावसजी नावाच्या मराठी गाडीवानाचे नाक टिपूच्या लोकांनी कापले होते. ते १७९३ च्या सुमारास पुण्याजवळ एका देशी कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून नवे करून दिले, आणि त्याचे चित्र व हकीगत १७९४ साली लंडनच्या एका मासिकात छापली गेली. नाकाची विद्या अशी साता समुद्रापलीकडे गेली. मूत्राशयाची मात्र गेली नाही. तिकडे मूत्राशयाची शस्त्रक्रिया स्वतंत्रपणे वाढली आणि तिने आपल्या चुका आपणच केल्या.

त्या झिरपणाऱ्या व्रणाचीच गोष्ट घ्या. अडलेल्या बाळंतपणात मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामधली भिंत सडते व तेथे भोक पडते. हे भोक बुजविण्याची खात्रीची रीत अमेरिकेतील जेम्स मॅरियन सिम्स या वैद्याने १८४९ च्या सुमारास बसविली आणि १८५२ साली प्रसिद्ध केली. चांदीच्या तारेचे टाके हे त्याचे मर्म. त्याची कीर्ती पुष्कळ झाली. परंतु ज्या स्त्रियांवर त्याने वर्षानुवर्षे हे प्रयोग केले त्या गुलाम होत्या, आणि त्यांना भूल दिली जात नसे. त्यांतील तिघींची नावे त्यानेच लिहून ठेवली आहेत, अनार्का, बेट्सी आणि ल्युसी. एकट्या अनार्कावर तीसएक वेळा शस्त्रक्रिया झाली. या शास्त्राच्या पायाशी काय आहे हे सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे.

कर्करोगापर्यंत पोहोचण्यास मूत्राशयाच्या आत दिसणे अवश्य होते. ती सोय जर्मनीतील माक्सिमिलियन निट्झे याने केली. १८७७ साली त्याने ड्रेस्डेन येथे आपली मूत्राशय पाहण्याची नळी प्रथम दाखविली, आणि १८७९ साली व्हिएन्नाचा उपकरणे करणारा कारागीर लायटर याच्या साहाय्याने ती सुधारली. आरंभी तिच्या टोकाशी प्लॅटिनमची तार विजेने लाल होई आणि ती थंड राखण्यास सभोवार पाणी खेळवावे लागे. पुढे विजेचे इवलेसे दिवे निघाल्यावर ही यातायात संपली. स्त्रियांचा मूत्रमार्ग आखूड असल्यामुळे त्यांच्यात पाहणे सोपे, ही गोष्ट बाल्टिमोरच्या हॉवर्ड केली याने हेरली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साध्या सरळ नळीने व कपाळावरच्या आरशाच्या उजेडात तो स्त्रियांचे मूत्राशय तपासू लागला. ज्या रोगाचे अस्तित्व पूर्वी प्रेत उघडल्यावर कळे, तो आता जिवंत माणसात दिसू लागला.

दिसल्यावर तो काढावा, ही इच्छा होणारच. १८८७ सालच्या जानेवारीत जर्मनीतील कोलोन येथे बार्डेनहॉयर या शल्यविशारदाने कर्करोगग्रस्त मूत्राशय सबंध काढला. त्याला अवयव काढता आला. परंतु मूत्रपिंडांतून येणाऱ्या दोन मूत्रवाहिन्यांची सोय लावता आली नाही, आणि रोगी दोन आठवड्यांत गेला. मूत्राशय नसला तरी मूत्रपिंडे थांबत नाहीत. ते पाणी कोठे न्यावयाचे, याचे उत्तर आधी हवे, हे या मृत्यूने वैद्यांना शिकविले. पुढच्या सव्वाशे वर्षांचा इतिहास बहुतांशी या एका प्रश्नाचा आहे. कापणे त्या मानाने लवकर साधले.

या प्रश्नाला पहिले जगणारे उत्तर मिळाले ते एका प्रौढ स्त्रीच्या देहात. प्रागमधील स्त्रीरोगांचा अध्यापक कारेल पाव्हलिक याने १८८९ साली पन्नाशी ओलांडलेल्या एका स्त्रीचा मूत्राशय अर्बुदासाठी काढला. पाव्हलिक स्त्रियांच्या मूत्रवाहिन्यांत केवळ स्पर्शाच्या अंदाजाने सळई घालण्यात निष्णात होता, आणि त्या वाहिन्या कोठे वळतात हे त्याच्या बोटांना पाठ होते. त्याने घाई केली नाही. आधी दोन्ही मूत्रवाहिन्या योनिमार्गाच्या भिंतीला जोडल्या. त्या तेथे धरल्याची खात्री झाल्यावर काही आठवड्यांनी मूत्राशय काढला. आणि पुढे योनिमार्गाचाच थैलीसारखा उपयोग व्हावा अशी योजना केली. ती स्त्री त्यानंतर सोळा वर्षे जगली.

येथे थोडे थांबावेसे वाटते. गर्भाशय आणि मूत्राशय यांच्या ज्या शेजाराचे सुश्रुताला भय वाटले, त्याच शेजाराचा पाव्हलिकने आधार घेतला. ज्या ठिकाणी मूत्र उतरणे हे पूर्वी अपयशाचे लक्षण होते, त्याच ठिकाणी त्याने ते मुद्दाम उतरविले. या रोगावरील इतिहासात पुरुषांची उदाहरणे इतकी पुढे येतात की, सबंध मूत्राशय काढूनही वर्षानुवर्षे जगलेली पहिली व्यक्ती एक स्त्री होती, हे पुष्कळ वैद्यांच्याही ध्यानात नसते. तिचे नाव मात्र इतिहासात रूढ झाले नाही. काशीवासी बायकांसारखेच.

पाव्हलिकची रीत सर्वत्र चालली नाही. दरम्यान अनेकांनी मूत्रवाहिन्या मोठ्या आतड्यात सोडून पाहिल्या; अमेरिकन शल्यविशारद कॉफी याने १९११ साली आतड्याच्या भिंतीत तिरपा बोगदा करून मळ वर चढू नये अशी पडद्याची युक्ती सुचविली. बाहेरून काही दिसत नाही, वस्त्र कोरडे राहते, हा तिचा मोठा लाभ. पण आतड्यातील जंतू मूत्रपिंडांपर्यंत पोहोचत, रक्तातील क्षारांचे प्रमाण बिघडे, आणि बऱ्याच वर्षांनी त्या सांध्यावरच कर्करोग उद्भवल्याचीही उदाहरणे आढळली. १९५० साली सेंट लुई येथील यूजीन ब्रिकर याने लहान आतड्याचा एक वीतभर तुकडा वेगळा काढून मूत्रवाहिन्या त्याला जोडल्या व त्याचे तोंड पोटाच्या कातडीवर उघडले. त्यावर पिशवी चिकटवावयाची. दिसण्यास हे ओबडधोबड, पण मूत्रपिंडे सुरक्षित राहिली. म्हणूनच सत्तर वर्षे लोटली तरी वृद्ध रोग्यांसाठी हीच रीत जगभर पुष्कळ ठिकाणी पसंत करतात.

शस्त्रक्रियेचा विस्तारही याच सुमारास वाढला. न्यूयॉर्कच्या मार्शल आणि व्हिटमोर यांच्यासारख्या शल्यविशारदांनी एकोणीसशे चाळिशीच्या अखेरीस मूत्राशयाबरोबर सभोवारचे रसग्रंथीही काढावे असा आग्रह धरला. स्त्रियांच्या बाबतीत याचा अर्थ मूत्राशय, मूत्रमार्ग, गर्भाशय, अंडाशय आणि योनिमार्गाची पुढची भिंत, इतके सर्व एकदम काढणे असा होत असे. म्हातारीला आता याचा काय उपयोग, असे उद्गार त्या काळी सहज निघत, आणि मला ते फार निष्ठुर वाटतात. रोग तेथवर पसरलेला नसेल तर हे अवयव राखता येतात, हे पुढे कळले. स्त्रीचा मूत्रमार्गही दरवेळी काढण्याचे कारण नाही, हे एकोणीसशे नव्वदच्या दशकात नीट पडताळून पाहण्यात आले. त्यामुळे आतड्याची गोल थैली शिवून ती जुन्याच मूत्रमार्गाला जोडण्याची शस्त्रक्रिया, जी पुरुषांवर आधीपासून होत होती, ती निवडक स्त्रियांवरही होऊ लागली. पिशवीची गरज उरत नाही. मात्र काही स्त्रियांची नवी थैली आपोआप रिकामी होत नाही, आणि त्यांना दिवसातून अनेकदा स्वतःच्या हाताने नळी घालावी लागते. हात थरथरतो, दृष्टी मंद झाली आहे अशा सत्तरीच्या बाईला हे जमेल काय, हे शस्त्रक्रियेपूर्वी पाहावे लागते. फारच अशक्त रोग्यासाठी आतड्याला हात न लावता मूत्रवाहिन्याच कातडीवर उघडतात. काहींना शस्त्राऐवजी औषधे आणि किरणोपचार यांचा जोड देऊन मूत्राशय राखण्याचा प्रयत्न करतात. वयाचा आकडा एकटा काही ठरवीत नाही. मूत्रपिंडे, हृदय, चालण्याफिरण्याची शक्ती आणि घरात कोण आहे, या सर्वांचा विचार व्हावा लागतो.

परंतु मूत्राशय काढण्याची पाळी सर्वांवर येत नाही, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. हा रोग सापडतो तेव्हा चारांपैकी तिघांच्या आसपास रोग्यांत तो मूत्राशयाच्या आतल्या अस्तरापुरताच असतो, स्नायूत शिरलेला नसतो. १९१० साली न्यूयॉर्कच्या एडविन बीअर याने दुर्बिणीच्या नळीतून विजेचा प्रवाह नेऊन अशा गाठी जाळून दाखविल्या, आणि पोट न फाडता उपचार करण्याचा मार्ग मोकळा झाला. आज या गाठी विजेच्या तारेने खरवडून काढतात. त्या वारंवार उगवतात, म्हणून पुढे वर्षानुवर्षे दुर्बिणीने तपासणी करावी लागते. पुन्हा उगवू नयेत म्हणून १९७६ साली कॅनडातील मोरालेस व त्याच्या सहकाऱ्यांनी एक अद्भुत उपाय प्रसिद्ध केला. क्षयाची जी बीसीजी लस आपल्याकडे जन्मलेल्या मुलांच्या दंडावर टोचतात, तीच लस त्यांनी नळीने मूत्राशयात सोडली. शरीराची प्रतिकारशक्ती तेथे खवळून उठते आणि उरलेसुरले अर्बुद नष्ट करते. शेष ठेवू नये, या जुन्या सूचनेचे हे पालन कोणी कल्पिलेही नसेल अशा रीतीने झाले.

मग वृद्ध स्त्रिया या रोगाने हकनाक का जातात? पुरुषांना हा रोग स्त्रियांच्या तीनचार पट अधिक होतो, विडीसिगारेट हे त्याचे मोठे कारण. रंगाच्या कारखान्यांतील कामगारांना तो होतो हे फ्रँकफुर्टच्या रेन याने १८९५ सालीच दाखवून दिले होते. तेव्हा हा पुरुषांचा रोग, अशी समजूत बसली. आणि अनेक देशांत असे आढळले आहे की, स्त्रियांना तो कमी होतो खरा, पण निदान होते तेव्हा त्यांच्यात तो अधिक पुढे गेलेला असतो. याचे एक कारण रोगाच्या स्वभावात आहे. त्याचे पहिले लक्षण लघवीतून रक्त जाणे, आणि ते बहुधा दुखत नाही. एकदा लाल दिसते, मग महिना दोन महिने स्वच्छ. मनुष्य निर्धास्त होतो. दुसरे कारण असे की, स्त्रियांना लघवीचा दाह आणि जंतुसंसर्ग नेहमीच होतो, म्हणून रक्त दिसले तरी गोळ्या देऊन वाट पाहिली जाते. आणि तिसरे कारण घरातले. पाळी जाऊन वीस वर्षे झालेल्या बाईला वस्त्रावर रक्ताचा डाग दिसला, तर तो लघवीचा की अंगावरचा हे तिला स्वतःलाच उमगत नाही. उमगले तरी सांगावयाचे कोणाला? मुलाला सांगता येत नाही, सुनेला सांगण्याची लाज वाटते. सब्जा भिजवून घेतला, धण्याजिऱ्याचे पाणी प्याले, उन्हाळी लागली असे म्हटले, आणि वर्ष सरले. ज्या वर्षात गाठ दुर्बिणीतून अर्ध्या तासात निघाली असती, त्याच वर्षात ती स्नायूत उतरते.

पुरुष वैद्यापुढे उघडे होण्यापेक्षा मरण बरे, असे म्हणणाऱ्या स्त्रिया आपल्या आज्यापणज्यांत होत्या. आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या त्या याच कारणासाठी, आणि १८८६ साली फिलाडेल्फिया येथे पदवी घेताना त्यांनी प्रबंध लिहिला तो प्राचीन आर्यांच्या प्रसूतिशास्त्रावर. त्याच वर्षी मुंबईत खास स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. आनंदीबाई दुसऱ्याच वर्षी पुण्यात वारल्या. त्या जगत्या तर बाळंतिणींबरोबर म्हाताऱ्यांचीही दुखणी ऐकणारे कोणीतरी लवकर मिळाले असते, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

काशीच्या त्या जुन्या ग्रंथाकडे आधुनिक काळात लक्ष वळले त्यातही मराठी मुलुखाचा वाटा आहे. सुश्रुतसंहितेची डल्हणाच्या टीकेसह यादवजी त्रिकमजी आचार्यांनी शोधलेली आवृत्ती मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने १९१५ साली काढली, आणि पुढच्या पिढ्यांनी सुश्रुत वाचला तो प्रायः या सुबक देवनागरी टाइपात. पुढे काशी हिंदू विश्वविद्यालयात डॉ. पी. जे. देशपांडे आणि त्यांचे सहकारी यांनी भगंदरावरील क्षारसूत्राची जुनी रीत पुन्हा उपयोगात आणून रुग्णालयात तपासून पाहिली व ती टिकली. अश्मरीचा तो डाव्या बाजूचा छेद मात्र कोणी पुन्हा वापरात आणला नाही, आणि ते योग्यच झाले. जुन्यातले काय घ्यावे याचा निर्णय श्लोकावरून करावयाचा नसतो, रोग्यावरून करावयाचा असतो.

कर्करोगाच्या उपचारांसाठी तर काशीची यात्रा पुष्कळ वर्षे उलट दिशेने चालली. मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेव्हापासून पूर्वेकडच्या जिल्ह्यांतील रोगी गाडीत बसून दीड दिवसाचा प्रवास करून तेथे येत आणि जागा मिळेपर्यंत रुग्णालयाच्या आसपासच्या पदपथांवर चुली मांडून राहत. ज्या वाटेने मराठी म्हाताऱ्या मरणासाठी काशीला गेल्या, त्या वाटेने काशीच्या म्हाताऱ्या जगण्यासाठी मुंबईला आल्या. त्यांची ही ओढाताण कमी करण्यास टाटा स्मारक केंद्रानेच काशीत पाऊल टाकले. लहरतारा येथील रेल्वेचे जुने कर्करोग रुग्णालय २०१८ साली होमी भाभा कर्करोग रुग्णालय झाले, आणि विश्वविद्यालयाच्या आवारात महामना पंडित मदनमोहन मालवीय यांच्या नावाचे कर्करोग केंद्र फेब्रुवारी २०१९ मध्ये उघडले. भोसले घाटावरून तेथे जाण्यास आता रिक्षा पुरते.

अशा रुग्णालयांत मूत्राशय काढण्यापूर्वी एक लहानसे काम केले जाते; शस्त्रक्रियेच्या ग्रंथांत त्याला जेमतेम एखादे पान मिळते. पोटावर छिद्र कोठे ठेवावयाचे याची खूण शाईने करावयाची असते. परदेशी पुस्तकांत लिहिलेले असते की पट्ट्याची रेघ टाळावी. आपल्याकडच्या परिचारिका बाईला तिच्या नेहमीच्या लुगड्यात उभी करतात, परकराची नाडी कोठे येते, नऊवारीचा ओचा कोठे खोवला जातो ते पाहतात, मग तिला मांडी घालून बसावयास सांगतात, वाकावयास सांगतात, पोटाची वळी कोठे पडते ते पाहतात. पिशवी चिकटविण्यास आणि रिकामी करण्यास ती जागा तिच्या स्वतःच्या नजरेला आली पाहिजे, हाताला लागली पाहिजे. नाडीखाली पिशवी दबली तर कड सुटते आणि वस्त्र भिजते. चुकली तर खूण पुसून पुन्हा करतात. एखादी म्हातारी विचारते की देवपूजा करता येईल का, पायऱ्या उतरून नदीवर जाता येईल का. त्या हो म्हणतात, पिशवी आधी रिकामी करून घ्या म्हणतात, आणि पायरी उतरताना गुडघा किती वर येतो हे पाहण्यासाठी तिला स्टुलावर एक पाय ठेवावयास लावतात.